इंटरव्हलपर्यंतची बॅटरीबाई

तिला सिनेमा विचारा. कुठलाही विचारा. नायक कुठल्या घरातला, बापाशी का बोलत नाही, नायिका पहिल्यांदा दिसते तेव्हा तिच्या हातात काय असतं, खलनायकाचं नेमकं दुखणं काय, सगळं घडाघडा सांगेल. फक्त पुढे काय झालं ते विचारू नका. पुढचं तिने पाहिलेलंच नाही. एकाही सिनेमाचं नाही, उभ्या आयुष्यात नाही.

लोक हे ऐकून हसतात. हसोत बापडे. सुईण पोर बाहेर काढते, त्याच्या लग्नाला थांबत नाही. थिएटरात काम करणं वेगळं आणि थिएटरात सिनेमा बघणं वेगळं, हे ज्यांनी फक्त तिकीट काढून खुर्ची गरम केली त्यांना कळायचं नाही.

तिचा नवरा त्याच थिएटरची पोस्टरं चिकटवायचा. एका दुपारी शिडीवरून पडला आणि गेला. मालकाने हळहळ व्यक्त केली, तिच्या लहानग्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भरपाई म्हणून तिच्या हातात बॅटरी दिली. अंधारात बायकांना त्यांच्या खुर्च्या दाखवायच्या, ही नोकरी. मालक लोकांना दयाळू म्हणवून घ्यायला फार थोडा खर्च येतो. शिडी कुजलेली होती हे सगळ्या स्टाफला माहीत होतं, पण बोललं कोण? हीच बोलली. मालकाच्या तोंडावर बोलली. मात्र बॅटरी हातात घेऊन झाल्यावर. तेवढी अक्कल तिला उपजतच होती.

तेव्हापासून ती बॅटरीबाई. खरं नाव पगारपत्रकापुरतं राहिलं.

काम असं असायचं. दिवे मालवले की आत. उशिरा येणाऱ्या बायका, त्यांची किरकिरी पोरं, चुकीच्या खुर्चीत ठाण मांडून "हीच आमची" म्हणणारी माणसं. उजेड पायाशी टाकायचा, तोंडावर नाही. तोंडावर टाकला की भांडण. पंधरावीस जणी मार्गी लागल्या की मग भिंतीला पाठ टेकून पडद्याकडे बघायला मोकळी. इंटरव्हलची घंटा झाली की मॅनेजर तिला खाली पाठवायचा, पुढच्या खेळाची बायकांची रांग सांभाळायला. लोखंडी गेटापाशी उभं राहून तिला आतून नुसता आवाज ऐकू यायचा. गोळीबार, रडणं, गाणं, मग दारं उघडून बाहेर पडणारी गर्दी. कुणी डोळे पुसतंय, कुणी शिव्या घालतंय. लोकांच्या तोंडांवरून शेवट ओळखायचा तिने सुरुवातीला प्रयत्न केला. जमला नाही. लोक कशावरही रडतात.

आणि त्याच थिएटरात तिच्या बरोब्बर उलट्या नशिबाची एक बाई होती. कॅन्टीनवाली. हिचा पूर्वार्ध किटल्यांपुढे जायचा. चहा उकळायचा, कपबश्या मांडायच्या, पॉपकॉर्नच्या पिशव्या भरायच्या. घंटा झाली की काउंटरवर धाड पडायची. धाड ओसरली की हात पुसायचे आणि मागच्या दाराचा जाड पडदा बाजूला करून उभ्याउभ्या उरलेला सिनेमा बघायचा. हिने सगळ्यांचे मृत्यू पाहिले, सगळी लग्नं पाहिली. कोण कुणाचा कोण, ते मात्र कळायचं नाही.

दोघींची गाठ पडली मागच्या नळावर. कॅन्टीनवाली कप विसळत होती, बॅटरीबाई तोंडावर पाणी मारायला आली होती.

"त्या घड्याळजीचं काय झालं गं पुढे?" बॅटरीबाईने विचारलं.

"तो दाढीवाला? तो घड्याळजी होता होय! मला वाटलं चोर आहे. सारखा मनोऱ्यावर चढतोय."

"चोर कशाने? गावचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायला बोलावलंय त्याला. आणि गावात कुणालाच ते चालू व्हायला नकोय."

"अगं बाई! म्हणून ते सगळे खाली उभे राहून बोंबलत होते तर!"

तिथे सुरू झालं ते. एकीने आधीचं सांगायचं, दुसरीने नंतरचं. कप विसळता विसळता सिनेमा जोडून पुरा व्हायचा, आणि मग भांडण. बॅटरीबाईचं म्हणणं, माणूस कळायला इंटरव्हलपर्यंतचा वेळ भरपूर झाला, पुढे नुसता निकाल लागतो. कॅन्टीनवालीचं म्हणणं, "सुरुवात काय, कुणीही करतं. निस्तरताना कळतो माणूस." या एका मुद्द्यावर दोघी कित्येक वर्षं भांडल्या आणि एकही तसूभर हलली नाही. तिकीटवाला म्हणायचा, "तुम्हा दोघींना मिळून एकच तिकीट लावलं पाहिजे."

पुढे तो नियमच झाला. मालकाच्या मुलीच्या लग्नानिमित्त स्टाफला एक खेळ फुकट होता. दोघींना सुट्टी, दोघींना खुर्च्या. बॅटरीबाई इंटरव्हलला उठली ती जिन्यावर जाऊन बसली. कॅन्टीनवाली तोपर्यंत जिन्यावरच बसलेली होती. ती उठून आत गेली. स्टाफने कपाळावर हात मारला. पण ज्याचा त्याचा वाटा ठरलेला असतो. दुसरीच्या वाट्याचं आपण बघितलं तर मग ती सांगणार काय आणि आपण ऐकणार काय?

एक गोष्ट दोघी कधीच करायच्या नाहीत. घरचं सरळ विचारायच्या नाहीत. कॅन्टीनवालीचा नवरा आधी असून नसल्यासारखा होता, नंतर खरंच नसलेला. त्या दिवसांत ती सिनेमातल्या नवऱ्यांना अशा काही शिव्या घालायची की नळाला लाज वाटावी. बॅटरीबाई म्हणायची, "घाल अजून दोन. तो पहिल्या भागातही तसलाच होता." एवढंच. त्यात सगळं विचारून व्हायचं आणि सांगूनही.

थिएटर बंद पडलं. मालकाने विकलं. तिथे आता फरशांचं दुकान आहे. जिथे बॅटरीबाई भिंतीला पाठ टेकून उभी राहायची तिथे संडासाच्या फरशा उभ्या केल्यात. कॅन्टीनवाली दुसऱ्या शहरात लेकीकडे राहायला गेली. बॅटरीबाई आपल्या एका खोलीत राहिली. मुलगा लांब नोकरीला होता. त्याने आईसाठी मोठा टीव्ही पाठवला, घरबसल्या वाट्टेल ते सिनेमे दिसणारा. मुलगा आला नाही, टीव्ही आला.

खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक ओटा, एक खिडकी, आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची आंधळी भिंत. शेजारची दारं सदा बंद. आठवडाभर तिला एकच प्रश्न विचारला जायचा, तोही सफाईवाला विचारायचा: "ओला कचरा वेगळा केलाय का?"

पण नियम चालू राहिला. टीव्हीला इंटरव्हल नसतो. पडद्याखालची रेघ निम्म्यावर आली की ती बंद करायची, मग नायक कड्याला लोंबकळत का असेना. दुपारी फोन लावायचा आणि पूर्वार्ध सांगायचा. लेकीच्या घरीही टीव्ही होताच. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनवालीचा फोन यायचा आणि उत्तरार्ध मिळायचा.

"काय गं बॅटरी, कसल्या बाईच्या मागे लागलाय तो तुझा नायक! शेवटी काय केलं तिने ठाऊक आहे का?"

"थांब, पाणी पिऊन येते. मग सांग."

आणि रविवार होता. सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी पाचसहा माणसं प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसायची. आठवड्यात पाहिलेल्या सिनेमांवर बोलायची. कुणी जुना अभिजात पाहिलेला असायचा, कुणी डोक्यावरून जाणारा, कुणी परवाच आलेला. बॅटरीबाई तिथे फुकटचा पेपर आणि फुकटचा पंखा यांच्यासाठी जायची. एकदा त्यांच्यातले सर, म्हणजे निवृत्त प्राध्यापक, घड्याळजीच्या सिनेमाबद्दल बोलत होते. तो घड्याळजी कसा भित्र्या मध्यमवर्गाचं प्रतीक आहे वगैरे.

"भित्रा?" ही पेपराआडून कडाडली. "दोराशिवाय मनोऱ्यावर चढतो तो! तुम्ही चढून दाखवा, मग प्रतीक म्हणा."

सर गडबडले. वाचनालयाच्या मॅडम हसल्या आणि त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली. ती खुर्ची तिची झाली.

सरांनी एकदा बोकडाच्या सिनेमाचा विषय काढला. एका गावात चुकून बोकड नगराध्यक्ष म्हणून निवडून येतो आणि कारभार सुधारतो, असा तो सिनेमा. सर म्हणाले, "हा आता कल्ट मानला जातो."

"कल्ट म्हणजे?"

"म्हणजे लागला तेव्हा पडला, पण पुढे जाणकारांनी..."

"कळलं. पडला तेव्हा आम्ही रिकाम्या खुर्च्यांखाली झाडू मारत होतो. आता तुम्ही टाळ्या मारता. तो कल्ट."

सगळे हसले. सरही हसले. दातांची डॉक्टर असलेली एक बाई दर रविवारी तिला आवर्जून विचारायची, "बाई, तुमचं मत काय?" मत! उभा जन्म "बाजूला व्हा", "लवकर आटपा" ऐकण्यात गेला, आणि इथे डॉक्टरीण मत विचारते. त्यासाठी ती शनिवारी साडी इस्त्रीला ठेवायची. म्हणजे अंथरुणाखाली. इस्त्री कुठली तिच्याकडे. अर्धे सिनेमे बघते हे तिने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी. दोन्ही अर्धी मिळून सांगितली की पुरा सिनेमा होतो, त्यात खोटं काय?

मग तो दोन बहिणींचा नवा सिनेमा आला.

आईच्या घरावरून दोघी बहिणी भांडतात. थोरली तिरीमिरीत निघून जाते, धाकटी आजारी आईचं करत राहते. आई जाते. धाकटी पत्ता शोधत परक्या शहरात थोरलीच्या दारापाशी पोचते आणि बेल वाजवते. तिथे रेघ निम्म्यावर आली. बॅटरीबाईने बंद केला. पुढचं दुसऱ्या दिवशी फोनवर आलं: थोरलीच दार उघडते, काही बोलत नाही, धाकटीची पिशवी हातातून घेते, आपली रस्त्याकडची खोली तिला देते. तिच्या खाटेवर नवी चादर घालते. संपला.

"काय सांगू," कॅन्टीनवाली म्हणाली होती, "रडले मी."

रविवारी योगायोगाने सगळ्यांनीच तो पाहिला होता. डॉक्टरीण म्हणाली, शेवट जिवाला लागतो. बॅटरीबाई म्हणाली, "लागणारच. चादर घालते तेव्हा तर हद्दच. एक शब्द न बोलता माफी मागितली थोरलीने."

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले.

"कसली चादर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"धाकटीला खोली देते ना ती. दार उघडल्यावर."

"बाई," सर म्हणाले, "दार उघडतं, पण दुसरीच बाई उघडते. थोरली ते घर कधीच सोडून गेलेली असते. सापडतच नाही ती शेवटपर्यंत. धाकटी परत येते आणि घर विकते."

"डुलकी लागली असेल तुम्हाला, सर."

"डुलकी? अहो, मी दोनदा पाहिलाय."

"मग दोनदा लागली असेल!"

कुणीतरी खुदकन हसलं. कुणाला हसलं ते तिला बरोबर कळलं. मॅडम समजुतीने म्हणाल्या, "वाद कशाला? कॉम्प्युटरवर आहे तो. बेल वाजते तिथून पुढचं लावते, सगळेच बघू."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. बेल वाजवणारा हात दिसला आणि बॅटरीबाई ताडकन उठली.

"नको. मला नाही बघायचं."

"अहो, चूक झाली तर झाली," डॉक्टरीण म्हणाली. "एवढं काय त्यात?"

"मला नाही बघायचं म्हटलं ना! ते माझं नाहीये!"

कुणाला काही कळलं नाही. कळणार कसं? ती जिना उतरली तेव्हा वर कुणीतरी म्हणालं, "वय झालं की होतं असं." ते तिला पायऱ्यांवर ऐकू आलं. दुसरं काहीही म्हणाले असते तर ती परत वर जाऊन भांडली असती.

घरी आल्या आल्या तिने फोन लावला. पलीकडे मिक्सर चालू होता.

"कॅन्टीन, तो बहिणींचा सिनेमा तू बघितलास का?"

"शेवट सांगितला की तुला."

"शेवट नाही विचारला. बघितलास का, ते विचारलं."

मिक्सर थांबला. "कोण काय बोललं तुला?"

"भर माणसांत हसं झालं माझं! म्हातारीला भ्रम झाला म्हणाले. तुझ्या जिवावर मी त्या सरांशी भांडले. सरळ खोटं सांगितलंस तू मला?"

"मग बघायचा होतास स्वतः," कॅन्टीनवालीचा आवाज थंड झाला. "डोळे आहेत, टीव्ही आहे, खोली आहे. मला कशाला राबवतेस?"

फोन बंद.

पुढचे काही दिवस फोन आला नाही. हिनेही केला नाही. अभिमान दोघींचाही पहिल्या दर्जाचा. टीव्ही काळा पडून राहिला. सिनेमा लावावा तरी कुणासाठी? निम्म्यावर बंद करून पुढे करायचं काय? एकदा तिने पुढे बघायचं ठरवलं. रेघ निम्म्यापलीकडे गेली तसं तिला दुसऱ्याच्या घरात, दुसरं कुणी नसताना, कपाट उघडल्यासारखं वाटलं. तिने बंद केला. सफाईवाल्याने कचऱ्याचं विचारलं तेव्हा ती त्याच्याशी नको इतकं बोलली. तो बिचारा बादली घेऊन मागे मागे सरकत गेला.

शेवटी राग विझला आणि काळजी उरली. तिने फोन केला. लेकीने उचलला.

"आई अंघोळीला गेलीये मावशी. काही निरोप?"

"म्हणावं, टीव्ही फार बघत जाऊ नकोस, डोळे जातील," बॅटरीबाईने टोमणा मारला.

लेक हसली. "आई आणि टीव्ही? टीव्ही सासऱ्यांच्या खोलीत असतो मावशी. दिवसभर बातम्या चालू. आई त्या खोलीत पाऊल टाकत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. तिला कुठे आवड आहे त्याची? कामं झाली की पडते स्वयंपाकघरात. झोपतेही तिथेच. मी म्हटलं बाहेर झोप, तर नको म्हणते. तिला तिथेच बरं वाटतं."

तिला तिथेच बरं वाटतं. जगातल्या सगळ्या घरांत हे वाक्य म्हातारीच्या वतीने दुसरंच कुणीतरी बोलतं. आणि लेक वाईट होती म्हणून नाही. लेकीलाही त्या घरात कुठे काय मिळालं होतं, जे ती आईला देणार?

बॅटरीबाई फोन हातात धरून बसून राहिली. मग तिला एकेक शेवट आठवायला लागला. थिएटरातले नाही, लेकीकडे गेल्यानंतरचे. तुरुंगातून सुटलेला चोर. त्याला म्हातारा शिपाई आपल्या घराची किल्ली देतो. जहाजावरचा आचारी, त्याला किनाऱ्यावर एक विधवा माडीवरची खोली देते. हरवलेली आजी, तिला अनोळखी कुटुंब जेवायला बसवतं आणि मग जाऊच देत नाही. प्रत्येक सिनेमात शेवटी कुणीतरी दार उघडत होतं, कुणाला तरी खोली मिळत होती. स्वयंपाकघराच्या फरशीवर पडल्यापडल्या कॅन्टीनवाली हे रचत होती आणि दुसऱ्या दिवशी हसत खेळत फोनवर सांगत होती. आणि ही इकडे म्हणत होती, हल्लीचे सिनेमे बरे निघायला लागलेत.

आता काय करायचं? "ये माझ्याकडे" म्हणावं, तर तिला कळणार की हिला कळलंय. कॅन्टीनवाली उपाशी राहील, पण कुणाची कीव ताटात घेणार नाही. सरळ विचारायची तर दोघींत रीतच नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी तिने फोन केला. जसं काही घडलंच नव्हतं.

"कॅन्टीन, एक नवीन बघितला. ऐकतेस?"

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "सांग."

"दोन बायका आहेत. वयस्कर."

"वयस्कर बायकांवर कोण सिनेमा काढतंय?"

"काढलाय कुणीतरी वेड्याने. एका ठिकाणी काम केलेलं असतं दोघींनी. एकीला खोली असते. एकच, पण दोन खाटा मावतात. तिने आपली खाट भिंतीकडे सरकवून बघितलंय. नळाला पाणी असतं. दिवसभर बोलायला कुणी नसतं."

"नटी कोण आहेत?"

"नवीनच दिसतात. चेहरे ओळखीचे वाटतात."

"आणि दुसरी?"

"दुसरी लांब असते. तिचं ठीक चाललंय असं ती सांगते. पहिलीला ते पटत नाही, पण ती विचारत नाही. मग एका दुपारी फोन करते आणि म्हणते, दार उघडंच आहे, ये. वाटेल तेव्हा ये, वाटेल तितकं राहा."

"मग?"

"मग इंटरव्हल. पुढचं तुझं."

मागे बातम्यांतला कुणीतरी ओरडत होता.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

बॅटरीबाईने खाट खरोखरच सरकवली. फळीवरची एक बाजू रिकामी केली. खालच्या दुकानात जाऊन दुसऱ्या खाटेची चौकशी करून आली. दुकानदार म्हणाला, "पाहुणे येणारेत वाटतं?" ही म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?" पण जाताना त्याच्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. आला तो तिसऱ्या दिवशी.

"बघितला," कॅन्टीनवाली म्हणाली.

"मग?"

"ती पिशवी भरते. दोन साड्या, औषधं. कुणाला न सांगता स्टँडवर जाते. गाडी लागलेलीच असते. चढते. खिडकीशी बसते सुद्धा." ती थांबली. "मग उतरते."

"उतरते? का?"

"लेक आहे ना तिला. सासरचे टपूनच बसलेत, तुझी आईसुद्धा तुझ्याकडे टिकली नाही, असं तिला म्हणायला. आणि आई करते ती कामं कुणाच्या अंगावर पडणार? त्याच पोरीच्या. ती उतरते, घरी येते. कुणाला कळतही नाही गेली होती ते. येताना भाजी घेऊन येते."

"हा काय शेवट झाला? तुझे शेवट असे नसतात."

"इथे आल्यापासूनचे मी बघितले नव्हते, बॅटरी," कॅन्टीनवाली हळूच म्हणाली. "हा बघितला."

बॅटरीबाईने सवयीने भांडायला घेतलं. "माझ्या अर्ध्यात ती एवढी भित्री नव्हती."

"भित्री नाहीये. तुझ्या अर्ध्यात तिची लेक नव्हती."

"आणि ती पहिली? दार उघडं टाकून बसलेली? तिचं काय होतं?"

"ती शेवटी दाखवलीच नाही गं. कॅमेरा तिच्याकडे गेलाच नाही."

मागून कुणीतरी "आई" म्हणून हाक मारली. "आले, आले," कॅन्टीनवाली म्हणाली. "ठेवते." आणि ठेवला.

रविवारी बॅटरीबाई वाचनालयाची माडी चढली. मॅडमनी तिची खुर्ची पुढे ओढली. ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"मागच्या वेळी सर बरोबर होते," ती म्हणाली. "मी तो शेवट बघितला नव्हता. कुठल्याच सिनेमाचा बघितलेला नाही. इंटरव्हलनंतरचं माझी मैत्रीण बघायची. ती सांगायची, मी तुम्हाला सांगायचे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "हे तर फारच विलक्षण आहे, बाई. म्हणजे पाहण्याची ही एक वेगळीच..."

"विलक्षण बिलक्षण काही नाही. ड्यूटी तशी होती." ती बसली. "या आठवड्यात मात्र एक पुरा कळला. सांगू?"

आणि तिने सांगितला. दोन बायकांचा. पहिला भाग, दुसरा भाग, खिडकीशी बसून उतरलेली ती बाई, येताना घेतलेली भाजी. मधे थांबली नाही. संपल्यावर पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

"कुठे लागलाय हा?" मॅडमनी विचारलं.

"लागला होता. उतरला."

"मला नाही पटला शेवट," डॉक्टरीण म्हणाली. तिला चांगलाच राग आला होता. "गाडीत बसल्यावर उतरायचं कशाला? लेकीला आज ना उद्या कळलंच असतं. तीच म्हणाली असती, जा आई."

"नाही, नाही," सर म्हणाले. "उतरणं हेच खरं आहे. ती गेली असती तर सिनेमा गोड झाला असता."

"गोड झाला तर काय बिघडलं? आणि ती परत कधी जाणारच नाही, असं कुठे म्हटलंय? एकदा स्टँडपर्यंत गेलेली बाई दुसऱ्यांदाही जाऊ शकते."

"ते तुम्ही सिनेमाच्या बाहेरचं बोलताय."

"मग बोलते बाहेरचं! तो काय दगडावर कोरलाय शेवट?"

बोलता बोलता डॉक्टरीण थांबली. तिच्या लक्षात आलं की एरवी मधे तोंड घालून दोघांनाही झोपवणारी बाई आज एक शब्द बोललेली नाही.

"बाई, तुमचं मत काय?"

बॅटरीबाई पुढे वाकून, दोन्ही हात मांडीत धरून तिच्याकडे बघत होती.

"माझं राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही बोला. थांबू नका. स्टँडपर्यंत गेलेल्या बाईचं काय म्हणत होतात?"